‘हे कशाला लागतं?’ एवढंच विचारून परतू नकोस

इंदूरला एम.एस्सी. वनस्पतीशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलीनं मला विचारलं आहे: लोकवनस्पतीशास्त्राच्या (माणसं आणि झाडं यांच्या नात्याच्या) प्रबंधासाठी पश्चिम मध्य प्रदेशातल्या आलीराजपूरकडची भिलाला आदिवासींची दोन गावं निवडली आहेत, डिसेंबरात आठ दिवस जाऊन औषधी वनस्पतींची यादी करायची आहे, सोबत तक्ता जोडला आहे, तो पुरेसा आहे का? आणि शेवटी जाता जाता एक ओळ: ‘आमची आजी अक्षय्य तृतीयेआधी आंबा खाऊ देत नाही, दिवेलागणीनंतर तुळस खुडू देत नाही. हेही या विषयात येतं का, की ही नुसती अंधश्रद्धा?’

तुझा तक्ता पाहिला. चार रकाने आहेत: स्थानिक नाव, शास्त्रीय नाव, वापरायचा भाग, उपयोग. बहुतेक प्रबंधांत हेच चार असतात आणि माझ्याही पहिल्या वहीत हेच होते. झाबुआ, आलीराजपूर, बडवानीच्या गावांतून तीस वर्षं फिरल्यावर आज मी तुला पाचवा रकाना आखायला सांगेन: या झाडाला हात कधी लावत नाहीत. कोण लावत नाही, कोणत्या दिवसांत नाही, किती घेतल्यावर थांबतात. हा रकाना भरायला वेळ लागतो, कारण तो सहसा कुणी आपणहून सांगत नाही. पण तो रिकामा ठेवून आणलेली यादी म्हणजे वाण्याच्या दुकानातली यादी.

आता आजी. ती या विषयात नुसती येत नाही, तू तिच्यापासूनच सुरुवात करायला हवीस. आमच्या घरीही अक्षय्य तृतीयेला पाण्यानं भरलेला करा, वर आंबा, पितरांच्या नावानं काढून ठेवलेलं पान असं सगळं होई आणि त्या दिवसापर्यंत पिकला आंबा तोंडात घालायची सोय नव्हती. कैरीचं पन्हं चाले. पुढं भिलाला गावात राहायला लागले तेव्हा ‘नवाई’ पाहिली. नवं पीक आधी देवाला आणि पूर्वजांना दाखवायचं, मग घरात शिजवायचं. बस्तरच्या गोंडांत आंब्यासाठी ‘मरका पंडुम’ होतो, त्याआधी आंबा खात नाहीत. ठाणे-पालघरकडचे वारली पहिल्या पावसानंतर उगवलेली कोळीभाजी पूजा झाल्याशिवाय चुलीवर चढवत नाहीत. इंदूरच्या गल्लीतलं मराठी घर आणि बस्तरमधलं गोंडाचं घर यांची कधी गाठ पडलेली नाही, आणि तरी दोघांकडे नवं फळ खायला आधी पूर्वजांची परवानगी लागते.

या नियमानं काय साधतं ते मला दिसतं: सगळ्यांचा हात एकाच दिवशी सुटतो, फळ तोवर झाडावर पिकतं, कोय तयार होते. पण लक्षात ठेव, हे कारण मला एकाही गावात कुणी सांगितलेलं नाही. विचारलं की उत्तर येतं, ‘आमच्याकडे असंच.’ कारण मी लावलेलं आहे, म्हणून माझ्या वहीत ते वेगळ्या शाईनं लिहिलेलं असतं. ही सवय तू पहिल्या दिवसापासून लाव. माणूस काय म्हणाला ते निळ्या शाईनं, तुला काय वाटलं ते लाल शाईनं. पाच वर्षांनी वही उघडशील तेव्हा कोणतं वाक्य कुणाचं हे कळायला हवं.

तुळशीचंही तसंच. दिवेलागणीनंतर तुळस खुडू नये यामागं विज्ञान शोधायला धावू नकोस. व्हॉट्सअॅपवर पिंपळ रात्रीसुद्धा ऑक्सिजन सोडतो असलं खूप काही फिरतं, तेही चुकीचं आहे. अंधारात प्रकाशसंश्लेषणच होत नाही, तर ऑक्सिजन येणार कुठून? आजी म्हणते, तुळस झोपली आहे. जी वस्तू झोपते तिला आपण घरातल्या माणसासारखं वागवतो. ही नोंद म्हणून पुरेशी आहे. तिला ‘अंधश्रद्धा’ म्हटलंस की प्रश्न संपला, आणि ‘विज्ञान’ म्हटलंस तरी प्रश्न संपलाच.

नियम मोडला की काय होतं ते चारोळीत बघ. चारोळीची फळं उन्हाळ्यात पिकून काळी व्हायला लागतात. बाजारात बीला भाव आला, आणि कुठल्या घरानं कोणती झाडं घ्यायची हा धरबंद जिथं सुटला तिथं जो आधी पोचेल त्याचं फळ झालं. मग कुणी पिकायची वाट बघत नाही. हिरवी फळं उतरवायची, उंचावरची फांदीच तोडायची. हिरव्या फळातली बी भरलेली नसते, व्यापारी ती कमी भावानं घेतो, पुढच्या वर्षी तोडलेल्या फांदीवर फळ नसतं आणि खाली नवं रोपही नसतं. सियागंजातल्या ठोक दुकानात पोत्यातली चारोळी मुठीत घेऊन बघ, बारीक, चिंबलेले दाणे किती निघतात ते. तुझ्या चार रकान्यांत या झाडापुढं ‘बी, खाद्य’ एवढंच आलं असतं.

मोहाचं याच्या उलट आहे, आणि मोह तुला नीट पाहायलाच हवा. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे साडेचार-पाचला उठ आणि ज्या घरी उतरली असशील त्या बाईच्या मागं जा. मी पहिल्यांदा गेले तेव्हा आलीराजपूर झाबुआ जिल्ह्यातच होतं (वेगळा जिल्हा 2008 साली झाला). अंधारात टप्, टप् असा आवाज येत होता. मला वाटलं दव पडतंय. ती फुलं होती. बाईनं आदल्या दिवशी झाडाखालचा पाला झाडून काढला होता, त्यामुळं जमिनीवर पिवळसर पांढरी फुलं नुसती विखुरलेली. दोन बोटांत धरलं तर द्राक्षासारखं रसरशीत, वास असा की डोकं जड होतं. तिच्या दोन मुली टोपल्या घेऊन बसत बसत पुढं सरकत होत्या. पलीकडच्या झाडाखाली तेवढीच फुलं पडली होती, पण तिकडं एकही मुलगी वळली नाही. विचारलं तर म्हणाली, ‘ते काकाचं.’ झाड शेताच्या बांधाबाहेर, सरकारी जमिनीवर उभं होतं. कागदावर ते कुणाचंच नव्हतं आणि गावाच्या लेखी मात्र पक्कं काकाचं, कारण काकाचा आजा त्याच्याखाली झाडत आला होता.

आता वनस्पतीशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून हे बघ. मोहाचा पाकळ्यांचा गर गळून पडतो तेव्हा बीजकोष फांदीवरच राहतो. म्हणजे खाली पडलेलं फूल वेचल्यानं झाडाचं पुढचं फळ बुडत नाही. त्याच फांदीवर पुढं डोळी, म्हणजे मोहाचं फळ, धरते, तिच्या बीचं तेल निघतं. रात्री वटवाघळं त्याच फुलांवर येतात, गर खातात, परागीभवन करतात, पुढं बियाही लांब नेऊन टाकतात. झाड जे टाकून देतं तेवढंच माणूस घेतो, त्यामुळं मोहाला कुऱ्हाड लावणं भिलाला माणसाच्या मनातच येत नाही. शेत काढताना बाकीची झाडं गेली तरी मोह आणि ताड शेताच्या मध्यात उभे दिसतात. बसमधून जातानाही हे कळतं.

त्या फुलांची दारू होते हे सगळ्यांना माहीत असतं आणि दुर्दैवानं तेवढंच माहीत असतं. वाळवलेली फुलं भाजून, कुटून, धान्यात मिसळून खातात, टंचाईच्या वर्षी त्यावर घरं तगलेली आहेत. दारूचंही म्हणशील तर पहिली धार जमिनीवर सोडल्याशिवाय कुणी पीत नाही. देवाच्या, पूर्वजांच्या नावानं. सरकारला मात्र फुलात फक्त दारू दिसली. मुंबई इलाख्यात 1892 साली खास मोहाच्या फुलांसाठी कायदा करून ठाणे-कुलाब्याकडे फुलं बाळगण्यावर बंधनं आली. गरिबाच्या कणगीतलं अन्न त्या दिवशी गुन्हा ठरलं. एक गोष्ट मात्र मी गावातही स्पष्ट बोलते: झाडाखालचा पाला झाडून काढण्याऐवजी पेटवून द्यायची पद्धत पसरली आहे आणि त्यातून उन्हाळ्यात जंगलाला आग लागते. नवी रोपं जळतात, मोहाचीसुद्धा. झाडणाऱ्या बाया आजही आहेत. तुझ्या तक्त्यात झाडणारी कोण आणि पेटवणारा कोण हेही लिही.

‘वापरायचा भाग’ या रकान्याबद्दल एक इशारा. सराफ्यात, आपल्या इंदूरच्या रात्रीच्या खाऊगल्लीत, थंडीत गराडू खाल्लायस ना? तळलेल्या फोडी, वर तो झणझणीत मसाला. गराडू म्हणजे कोनफळाच्याच कुळातला कंद, डायोस्कोरिया. त्याच कुळातली बैचांदीची वेल सातपुड्याच्या जंगलात येते आणि तिचा कच्चा कंद विषारी आहे. त्यातल्या डायोस्कोरिन या अल्कलॉइडनं झटके येतात. गावातल्या बाया तो कंद सोलून पातळ चकत्या करतात, उकळतात, टोपलीत भरून वाहत्या ओढ्यात दगडाखाली दाबून ठेवतात, पुन्हा उकळतात, चव घेऊन बघतात. जीभ चरचरली तर टोपली परत ओढ्यात. उपासाला खातात ते बैचांदीचं पीठ यातूनच गेलेलं असतं. तू ‘कंद, खाद्य’ असं लिहून छापलंस आणि कुणी वाचून जंगलातून कंद आणला तर? इथं ज्ञान कंदात नाही, त्या ओढ्यात आहे, दुसऱ्या उकळीत आहे, त्या बाईच्या जिभेत आहे. कृती पूर्ण लिहिता येत नसेल तर ती नोंद छापू नकोस. आणि घरी करून तर अजिबात बघू नकोस.

नावांचा घोळ यापेक्षा सोपा वाटतो, पण धोका तेवढाच. आपल्याकडे माळव्यात रतनजोत म्हणजे कुंपणाचा मोगली एरंड, जट्रोफा. त्याच्या बिया खाऊन मुलांना उलट्या-जुलाब होतात. काष्ठौषधीच्या दुकानात मात्र रतनजोत म्हणजे तेलाला लाल रंग देणारी मुळी, अगदी वेगळं झाड. मुसळी पांढरी वेगळी, काळी वेगळी. ब्राह्मी विचारलीस तर दोन वनस्पती दाखवतील, शंखपुष्पीच्या नावाखाली तीनसुद्धा. म्हणून प्रत्येक नावामागं वाळवलेला नमुना हवा: फुलासकट, वर्तमानपत्रात दाबलेला, क्रमांक टाकलेला, हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या नमुन्यांच्या संग्रहालयात, जमा केलेला. मोबाईलवरच्या फोटोनं भागत नाही. डॉ. सुधांशु कुमार जैन यांनी 1960 च्या सुमारास मध्य भारताच्या आदिवासी भागात या विषयाची पायाभरणी केली ती अशीच, पायी हिंडून, नमुने दाबून.

आता मला एक गोष्ट सांगायची आहे. ती सांगताना अजून जड जातं. सुरुवातीच्या वर्षांत एका म्हाताऱ्या बडव्यानं (गावचा पुजारी आणि जडीबुटीचा वैदू) मला सफेद मुसळीची जागा दाखवली होती. (या वनस्पतीच्या शास्त्रीय नावात ‘बोरिव्हिलियानम’ आहे, मुंबईच्या बोरिवलीवरून.) टेकडीच्या उतारावर, बांबूच्या सावलीला हजारेक रोपं. तो पानं पिवळी पडून आडवी होईपर्यंत, बी गळेपर्यंत हात लावत नसे. मग लाकडी खुंटीनं उकरून काही बोटं काढायची आणि वरचा डोळ्याचा भाग परत मातीत दाबायचा. बाजूच्या रोपाला त्या वर्षी हात नाही. मी हे सगळं पाहिलं, भारावले आणि लेखात लिहिलं. गावाचं नाव, टेकडीचं नाव, ओढ्यापासूनचं अंतर, सगळं. तेव्हा वाटलं शास्त्रीय काटेकोरपणा म्हणतात तो हाच. दोन वर्षांनी गेले तर उतार नांगरल्यासारखा दिसत होता. ऐन पावसाळ्यात, फुलोऱ्यावर असताना, कुणा व्यापाऱ्यानं मजूर लावून खणून नेलं होतं. माझा लेख वाचूनच तो आला असेल का, ते मला कधी कळलं नाही. बडव्यानं विचारलं नाही. त्यानं पाणी दिलं, बसायला खाट टाकली आणि त्यानंतर मला एकही नवी जागा दाखवली नाही. तो गेला तेव्हा ते सगळं त्याच्याबरोबर गेलं.

म्हणून ठिकाण छापायचं नाही. जिल्हा पुरे. जीपीएसचे आकडे तुझ्या वहीत आणि गावाकडे राहू देत.

याला दुसरी बाजू आहे हेही कळू दे. काही लिहूच नये असं मी म्हणत नाही. अमेरिकेत 1995 साली जखमेवर हळद लावण्याचं पेटंट दिलं गेलं, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरनं (वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेनं) ते लढून 1997 मध्ये रद्द करवलं. ते जमलं कारण हळदीचा हा उपयोग आपल्याकडे लिहून, छापून ठेवलेला होता. बडव्याच्या तोंडी ज्ञानाला तसा पुरावा नसतो. केरळातल्या काणी आदिवासींचं उदाहरण तू वाचलंच असशील: 1987 मध्ये अगस्त्य डोंगरात वाटाडे एक रानफळ खाऊन न दमता चालताना शास्त्रज्ञांनी पाहिले, त्यावरून ‘जीवनी’ हे औषध निघालं आणि परवान्याच्या रकमेतला व रॉयल्टीतला निम्मा वाटा काणी समाजासाठी ठरला. वाटा देता येतो, हे त्यातून दिसलं. 2002 च्या जैवविविधता कायद्यानं गावोगावी व्यवस्थापन समित्या आणि लोक जैवविविधता नोंदवही आली. तुझ्या गावात ती नोंदवही आहे का, हे ग्रामपंचायतीत आधी विचार. असेल तर तुझी माहिती तिच्यात जायला हवी, गावाच्या नावानं. संमती घेताना सांगणाऱ्याला विचार: तुमचं नाव घालू की नको? काहींना अभिमान असतो, काहींना भीती असते. दोघांचंही ऐक.

आणि आपल्या इंदुरात यातलं सगळ्यात चांगलं उदाहरण आहे, त्याची आठवण फार थोड्यांना आहे. आजच्या कृषी महाविद्यालयाच्या आवारात 1924 साली इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री सुरू झाली. तिथं अल्बर्ट हॉवर्ड यांनी काडीकचरा, शेण, मूत्रमाती यांचे थर लावून खत कुजवण्याची जी पद्धत बसवली, ती जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते. 1931 च्या त्यांच्या पुस्तकावर दुसरं नाव आहे यशवंत वाड यांचं. हॉवर्ड शेतकऱ्याला आणि किडीला आपले गुरू मानत. शास्त्रज्ञ शेतकऱ्याकडून शिकला, त्यात स्वतःची भर घातली, आणि नाव गावाचं राहिलं. तू ज्या कामाला निघाली आहेस त्याचा नमुना तुझ्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर आहे. एकदा जाऊन ये.

आता वेळापत्रक. डिसेंबर रद्द कर. दिवाळी झाली की ही गावं अर्धी रिकामी होतात. सुरत, बडोदा, राजकोटला बांधकामावर, शेतमजुरीला माणसं जातात, बायका-मुलांसह. तुझ्या तक्त्याला उत्तरं देणारी चाळिशीची बाई तेव्हा गुजरातेत विटा वाहत असेल आणि घरी म्हातारी माणसं व शेळ्या. भगोरियाच्या हाटांना, होळीच्या आधीच्या त्या जत्रांना, सगळे परततात. त्या वेळी हाटात जा, पण माहिती काढायला नाही. ओळख करायला जा. मोहाच्या दिवसांत पहिला मुक्काम कर. दुसरा पहिल्या पावसानंतर पंधरा-वीस दिवसांनी, रानभाज्या वर आल्या की. तिसरा दिवाळीच्या आत, मुसळी-कंदांच्या वेळी. तीनदा चार-चार दिवस गेलीस तर एकदा आठ दिवस जाण्याच्या दसपट मिळेल.

‘पारंपरिक समाज’ हा शब्द प्रबंधात वापरावा लागेल, वापर, पण त्या शब्दानं डोळ्यावर झापड येऊ देऊ नकोस. ही माणसं मका, कापूस, सोयाबीन लावतात, त्यांच्या हातात मोबाईल आहे, ताप आला की दवाखान्यात जातात आणि त्याच संध्याकाळी बडव्याकडेही. दोन्हीकडे का जातात, ते विचार. पुरुषांनाच विचारून उठू नकोस. जडीबुटी बडवा सांगेल, पण कोणती भाजी कोणत्या पावसात कोवळी असते, बाळंतिणीला काय द्यायचं आणि काय वर्ज्य, हे बायकांकडे आहे. प्रश्नावली हातात धरून बसलीस तर त्या पदर ओढून गप्प होतील. सरपणाला सोबत जा, भाजी निवडायला बस. निवडताना ज्या काड्या त्या बाजूला टाकतात त्या उचलून ‘ही का नाही?’ एवढंच विचार. माझ्या वह्यांतली निम्मी माहिती त्या एका प्रश्नातून आली आहे.

निघण्याआधी घरचा अभ्यास. गणपतीला वाहायच्या एकवीस पत्री आजीकडून म्हणून घे: माका, आघाडा, डोरली, रुई, शमी, अर्जुन, विष्णुकांता, हादगा आणि बाकीच्या. त्यातल्या किती तुला समोर धरल्या तर ओळखता येतात ते प्रामाणिकपणे मोज. आता बाजारात पत्रीची जुडी मिळते तिच्यात निम्मा कसलाही पाला असतो, आणि दसऱ्याला आपटा म्हणून कांचन ओरबाडला जातो. आजीच्या लहानपणी पत्री कुठून आणत, कोण जात असे, देवदार तर माळव्यात होतच नाही, मग त्याच्या जागी काय वाहत, हे तिला विचार. वटपौर्णिमेला वडापाशी जात की फांदी घरी आणत, तेही विचार. आणि ती बोलत असताना वहीत तो पाचवा रकाना उघडा ठेव.